मृदंगात अडकलेला ठोका

एका राज्यात कीर्तिध्वज नावाचा राजा होता. शिकारीच्या नादात तो धूम्राक्ष मांत्रिकाच्या गुहेत शिरला आणि तिथला रत्नजडित मृदंग उचलून घेऊन आला. दरबारात त्यावर पहिली थाप पडली, आणि राणी पद्मला सिंहासनावर कलंडली. तिचा देह ऊबदार राहिला, पण काळजाचा ठोका मृदंगात जाऊन बसला. मांत्रिकाचा शापच होता तसा. मृदंग वाजवून ठोका सोडवावा. ज्याला जमणार नाही, त्याचा दगड होईल.

दरबारचे वादक एकामागून एक बसले आणि दगड झाले. शेवटी बसला दरबारचा मृदंगवादक सुभानजी. राजाचा नगारची म्हाळोजी, त्याचा हा धाकटा भाऊ. म्हाळोजीच्या नगाऱ्याने शत्रूचे घोडे उधळत. भावाच्या नाजूक बोटांना तो जन्मभर हसत आला होता. आता सुभानजीही दगड झाला, आणि त्याच बोटांचा थंड दगड हातात धरून म्हाळोजी बसून राहिला.

तेव्हा तटावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "नगारची, तुझ्या हाताला एकच बोली येते. आणखी तीन शीक, मग मृदंगाला हात लाव."

म्हाळोजीने टिपऱ्या खाली ठेवल्या आणि तो निघाला.

अग्निदरीत कृष्णाई नावाची हलगीवाली राहत होती. ती जाळावर हलगी शेकायची, आणि वाजवू लागली की ज्वाळा तालावर डोलायच्या. म्हाळोजीने हलगीवर काडी मारली की ज्वाळा विझत. पुन्हा जाळ पेटवायचा, पुन्हा कातडे शेकायचे. खांद्यातला जोर ओसरून काडी बोटांत हलकी झाली, तेव्हा कुठे एक ज्वाळा डोलली.

पुढे महाडोहाकाठी एक तपस्वी पखवाज वाजवी, आणि त्याच्या थापेला डोहातले थोरले कासव वर येई. म्हाळोजीला धीर धरवेना. सम येण्याआधीच त्याचा हात पडे. तपस्वी रागावला नाही. त्याने त्याला पखवाजाला लावायची कणीक मळायला बसवले. ऋतू पालटले, हात जड आणि शांत झाला, आणि एके सकाळी कासवाने डोके वर काढले.

तिसरा गुरू होता बोलक्या पाखरांच्या रानातला गोंधळी. त्याच्या संबळाला दोन तोंडे, एक उंच आवाजाचे, एक खोल. एका हाताने पुसायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. म्हाळोजीचा उजवा पुसू लागला की डावा मध्येच बोले, आणि पाखरे हसत.

"हा थांबतच नाही," म्हाळोजी म्हणाला.

"थांबवू नका," गोंधळी म्हणाला. "उजवा काय म्हणतो ते त्याला ऐकू द्या."

पाखरे हसायची थांबली, तेव्हा म्हाळोजी परतला.

दगडी भावाशेजारी बसून त्याने मृदंगावर शिकलेले सारे वाजवले. हलगीची चपळाई झाली, पखवाजाचे गांभीर्य झाले, संबळाचे सवालजवाब झाले. मृदंग मुका राहिला. म्हाळोजीचे तळपाय दगड झाले, मग गुडघे. भयाने जुना जोर दंडांत उसळला. हात वर गेले, आणि तिथेच थबकले. त्याने वाकून मृदंगाला कान लावला.

आत ठोका होता. अडखळत, घाबरत, दूर कुठेतरी चाललेला.

म्हाळोजीने त्याला आपला ताल लावला नाही. एका बोटाने तो त्याच्यासोबत निघाला. ठोका चुकला की तोही चुके. ठोका थांबला की तोही थांबे. दगडपण छातीशी आले. आणि हळूहळू ठोका सावरला, मोठा झाला. मृदंगाचे कातडे फाटले.

धूम्राक्षाची गुहा ढासळली. दगड झालेल्यांत प्राण आले, आणि सुभानजीने पाणी मागितले.

राणीने डोळे उघडले. "अंधारात कुणी माझ्या पावलाने चालत होते," ती म्हणाली. "ते तुम्ही का?"

"होय, राणीसाहेब. वाट तुम्हालाच ठाऊक होती."

राजाने मृदंगाची रत्ने गुहेच्या ढिगाऱ्यापाशी परत नेऊन ठेवली. राज्याचा कारभार सुरळीत झाला. म्हाळोजी मात्र दुसऱ्या दिवशी भावासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, मला मृदंग शिकव, पहिल्या अक्षरापासून सांग. त्यांचा ताल जसा जुळला, तसा ऐकणाऱ्या सर्वांचा जुळो.