सर्वांत जास्त घरटी विणणारा

सांगा बघू मंडळी, भरवसा कुणावर टाकावा? जो सगळ्यांत जास्त राबतो त्याच्यावरच ना?

फार मागं, विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. प्रत्येक घरट्याची गाठ ओढून बघणं हे म्होरक्याचं काम. त्याबद्दल त्याला एक दाणाही जास्त मिळत नसे. त्या साली सगळ्यांत जास्त घरटी पिवळोजीनं विणली, म्हणून तोच म्होरक्या झाला.

तुराबाई म्हणाली, "भाऊजी, माझी गाठ सैल वाटते, जरा बघता का?"

"उद्या येतो, वहिनी. माझं नवं घरटं अर्ध्यावर आहे."

"तुमच्या उद्यापर्यंत पिल्लं उडायला लागतील हो!"

संध्याकाळी वारा सुटला आणि तुराबाईचं घरटं अंड्यांसकट विहिरीत गेलं. पिवळोजीची सगळी घरटी मात्र जागच्या जागी डुलत होती. त्यांच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

"मला म्होरकेपणावरून उतरवा," तो मान खाली घालून म्हणाला. "विणण्यापुढं मला दुसऱ्याचं घरटं दिसलंच नाही."

तुराबाई रडत म्हणाली, "आम्ही तरी काय बघितलं, भाऊजी? नुसती घरटी मोजली."



तेव्हा बाबांनो, म्होरक्या निवडताना हिशेब खरा ठेवा. त्यानं स्वतःचं किती केलं ते मांडाल, तर दुसऱ्याचं किती सावरलं तेही मांडा.