वखारीच्या दारातला बेलभंडार

"…आणि देवानंच सोडवलं त्याला, तर? मग तरी माघारी येईल का?"

भैरूबुवा देवळात बसून बेलाची पानं निवडत होते. किडकी बाजूला, चांगली परडीत. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला सोडवायचं?"

"सदबाला," जगन्नाथ म्हणाला. "ठाव असून इचारताय, बुवा."

ठाऊक कुणाला नव्हतं? टेकडीवरच्या खंडोबाच्या देवळात दर रविवारी जगन्नाथ पिसे गायचा आणि सदबा ऐवळे दिमडी वाजवायचा. दोघंही बुवांच्याच हाताखाली शिकलेले. खाली पेठेत जगन्नाथ हळदीच्या वखारीचा मालक आणि सदबा त्याच वखारीतला हमाल, पण वर आले की एका घोंगडीवर बसायचे. जगन्नाथचा सूर घसरला की सदबा दिमडीवर अशी काही थाप मारायचा की मालक मुकाट्यानं जागेवर येत. मालकाला दटावायची सोय त्याला तेवढीच होती आणि ती तो अगदी मनापासून वापरायचा.

आता घोंगडीवर जगन्नाथ एकटाच बसायचा.

"तुम्ही निरोप धाडा," तो म्हणाला. "देवानं शपथेतनं मोकळा केला म्हणून सांगा. तुमचं ऐकंल तो."

"शपथ कुणी घातली हुती?"

घातली होती जगन्नाथनंच.

नगरपालिकेच्या निवडणुकीला त्याचा मेहुणा उभा होता. मतदानाच्या आदल्या दिवशी, काम सुटायच्या वेळी, जगन्नाथ ताट घेऊन वखारीच्या दारात उभा राहिला. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. एकेका हमालानं यायचं, पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा, मत मेहुण्यालाच देईन म्हणून शपथ घ्यायची आणि घरी जायचं. जबरदस्ती मुळीच नव्हती. दार सताड उघडं होतं. फक्त दारात मालक उभा होता.

मध्येच भंडारा संपला. जगन्नाथनं मागच्या पोत्यात हात घातला आणि चक्कीवरची हळद मूठभर ताटात टाकली. पिवळं ते पिवळं, त्यात काय बघायचं! पुढे सदबा उभा होता.

"मला नगा ह्यात घालू, मालक," सदबा हळूच म्हणाला होता.

"तू उचलला न्हाईस तर बाकीचे काय म्हणतील?"

सदबानं ताटाकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि उचलला.

मेहुणा पडला. थोड्याच दिवसांत सदबा हळदीची वखार सोडून कांद्याच्या वखारीत हमालीला लागला. रविवारी टेकडीवर यायचंही त्यानं बंद केलं.

"त्याच्या घरी गेलतो, बुवा. मला बघून उठून आत गेला. बायको बोलली. म्हणाली, हळदीचं पोतं पाठीवर घेतलं की शपथ उचलल्यागत वाटतंय म्हणत्यात. आमटीतबी हळद घालू देईनात."

बुवा हसतील असं जगन्नाथला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"मग मी आतल्या दाराकडं तोंड करून वरडलो. म्हटलं, अरं, ती चक्कीवरची हळद हुती! देवाचा भंडारा न्हवताच तो! शपथ लागतच न्हाई तुला!"

"मग?"

"आतनंच म्हणाला… मालक, मी तो भंडारा म्हणूनच उचलला हुता."

बुवांच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"मोडली असंल का वो त्यानं शपथ?" जगन्नाथनं विचारलं. "का पाळली, नि त्येचंच वाईट वाटतंय त्याला?"

"ह्यातलं काय झालेलं तुला बरं वाटंल?"

"मला सदबा पायजे, बुवा!" जगन्नाथ म्हणाला. "गाताना सूर कुठं घसरला, ते कळंना झालंय. कोण सांगंल? वखारीत समदे म्हणत्यात, मालक, गळा लई ग्वाड हाय तुमचा. लई ग्वाड…"

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. गाभाऱ्यात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर बेलाचं एक पान होतं आणि त्यावर खंडोबाच्या पायावरचा भंडारा.

"उचल."

"काय म्हणून उचलू?"

"सदबानं कुणाला मत दिलं, ते जन्मात इचारणार न्हाई म्हण. त्याला न्हाई, त्याच्या बायकोला न्हाई, आणिक कुणाला न्हाई. तू उचल. मी असाच खाली उतरतो नि त्याला हाताला धरून आणतो."

जगन्नाथचा हात झटकन पुढे गेला.

बुवा बोलावतील तर सदबा येणार, यात शंका नव्हती. येईल, घोंगडी झटकेल, बाजूला सरका मालक म्हणेल. जगन्नाथला ते अगदी समोर दिसलं.

आणि त्याच्यापाठोपाठ मेहुण्याचं पडलेलं तोंडही दिसलं. ज्याला आपल्या शेजारी बसवला, त्यानंच मत दिलं नसेल तर…?

बोटं पानापाशी येऊन थांबली.

"बुवा… एकदाच. दिलं का न्हाई, एवढंच कळू द्या मला. मग देवाची आण, पुन्हा कधी…"

बुवांचा तळहात तसाच पुढे होता.

जगन्नाथला सदबा हवा होता. इतकं दुसरं काही त्याला कधी हवंसं वाटलं नव्हतं. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. तरी त्याचा हात हळूहळू मागे आला आणि मांडीवर पडून राहिला.



मग बुवांनी ते पान देवापुढे नेऊन ठेवलं. येऊन खाली बसले, परडी जवळ ओढली.

"बघ जगू," ते म्हणाले, "तुला हात मागं घेता आला. वखारीच्या दारात सदबाला आला न्हवता."