जुन्यांना सूट

"म्हंजे नव्यायले नियम न् जुन्यायले माफी?" भानुनाथबाबांनी विचारलं.

"माफी नाही बाबा. सूट," डोर्लीकर म्हणाले.

बाबा हसले नाहीत. मान खाली घालून चिलीम भरत राहिले.

मठ टेकडीवर होता. दारातून खालचं औष्णिक वीज केंद्र सगळं दिसे. कोळशाचे ढीग, त्यांच्यामागे धुराड्यांच्या उंच चिमण्या. डोर्लीकर याच केंद्रात पोरसवदा अभियंता म्हणून लागले होते आणि तेव्हापासून मठात येत होते. आता ते मोठ्या समितीवर होते. वीज केंद्रांनी हवेत कार्बन किती सोडावा, हे तेच लिहीत. त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती रेघ त्यांनी नव्या केंद्रांसाठी मोठ्या कडक हातानं ओढली होती. जुन्यांना मात्र एका ओळीत बाजूला ठेवलं होतं. त्या ओळीची मुदत आता संपत आली होती. सूट पुन्हा द्यायची की नाही, ते सोमवारी सांगायचं होतं.

"धूर तं दिसत नाही आता," बाबा खाली बघत म्हणाले.

"राख आम्ही अडवतो. जातो तो वायू. तो दिसत नाही. वर जाऊन साठतो, आणि उन्हाळे तापत जातात."

"वर गेल्यावर वळखू येते? हा जुन्याचा, हा नव्याचा?"

"...नाही."

बाबांनी चिलमीवर निखारा ठेवला.

"पण चालू आहेत ती एकदम कशी बंद करायची, बाबा? हजारो घरं आहेत त्यांच्यावर. आणि म्हातारी झालीत आता. आपोआपच संपतील."

"मांगच्या वक्ती हेच लिवलं होतं?"

"हो."

"मंग? संपली?"

"छे! अशी दुरुस्त केलीत की नव्यांच्या तोंडात मारतील," डोर्लीकर म्हणाले, आणि आपल्याच आवाजातला अभिमान ऐकून ओशाळले.

खालच्या केंद्रातल्या पहिल्या वीजसंचाला अग्नी त्यांच्याच हातानं मिळाला होता. माणूस कितीही शिकला तरी आपला तो बाब्या!

यंदाच्या वैशाखात केंद्राच्या फाटकाशी एक कोळसा-हमाल उन्हानं कोसळला आणि उठलाच नाही. डोर्लीकर त्या दिवशी पाहणीला आले होते. त्या माणसाचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. असल्या उन्हात कुणाचा किती वाटा, हे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. स्वतःचा तेवढा काढायला हात धजत नव्हता. म्हणून तर ते एवढी टेकडी चढून आले होते. बाबांनी नुसतं 'लिही सूट' म्हणावं, की झालं.

त्यांचं लक्ष दारावरच्या पाटीकडे गेलं. 'मठात चिलीम ओढण्यास मनाई आहे.'

"बाबा, ही मनाई कुणाला?"

"नव्या चेल्यायले. जुन्यायले सूट."

"जुने किती आहेत?"

बाबांनी आपल्याच छातीवर हात ठेवला. "एकच."

डोर्लीकर मोकळेपणानं हसले. चला, आपण एकटेच नाही! मग बाबांचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं.

"मंगल कुठं दिसत नाही?" त्यांनी विचारलं. मंगलनाथ बाबांचा लाडका चेला. पाणी घेऊन तोच पुढे यायचा.

बाबांनी हनुवटीनं अंगणाकडे दाखवलं. कडुनिंबाखाली एक लहानशी समाधी होती. चुना अजून ओला दिसत होता.

"त्यानं कधी चिलीम तोंडाले लावली नाही," बाबा म्हणाले. "नियम पाळला पोरानं. फकस्त माही भरून द्यायचा... न् इथंच बसायचा. माह्या धुरात. खोकून खोकून गेला."

डोर्लीकरांनी समाधीवरून नजर काढून बाबांच्या चिलमीकडे पाहिलं.

"आणि तुम्ही अजून..."

बाबांनी पेटलेली चिलीम त्यांच्या हातात दिली. पाण्याचा लोटा पुढे सरकवला.

"घे. विझव."

डोर्लीकरांनी लोटा उचलला. चिलीम छान पेटली होती. समोर म्हातारा बसला होता. हात रिकामे झाले तरी त्याची बोटं चिलीम धरल्यासारखीच वळलेली होती, आणि नजर त्या निखाऱ्यावरून हटत नव्हती. डोर्लीकरांना फार फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची सवय...

त्यांनी लोटा खाली ठेवला.

"आत्ताच तर भरलीय, बाबा. एवढी संपू द्या. पुढची भरू नका."

बाबा कडुनिंबाकडे बघत राहिले. निंबोळ्या समाधीवर पडत होत्या. चिलीम डोर्लीकरांच्याच हातात जळत होती.

"मीबी हेच म्हनत होतो," बाबा म्हणाले. "एवढी संपू दे, मंगल... त्याच्या उशाशी बसून."