जागी राहिलेली पाखरे

मुलांनो, कुणी जेवत असताना त्याच्या पुढ्यातले अर्धे ताट तुम्ही कधी उचलून नेले आहे का? नाही ना? सगुणाताईंनी मात्र एकदा तसेच काहीसे केले, आणि तेही मायेपोटी.

एका गावात एक चित्रशाळा होती. ज्यांची समज सावकाश चालते, ज्यांना गावात कुणी काम देत नसे, अशी मोठी माणसे तिथे दिवसभर चित्रे काढत. सगुणाताई त्यांना रंग कालवून देत, कागद ताणून देत. कुणाच्या चित्राला स्वतःचा हात मात्र लावत नसत.

त्यांतली मंजुळा चाळिशीची. बोलणे मोजके. सकाळपासून ती पाखरे काढी, पोपटी, तांबडी, हळदीच्या रंगाची. दुपारपर्यंत कागद नुसता किलबिलू लागे. आणि संध्याकाळ झाली की ती कुंचला निळीत बुडवून सगळ्या पाखरांवरून फिरवी. केल्या कामावर बोळा फिरवते, म्हणून शेजारपाजारचे हसत. सगुणाताईंचा जीव हळहळे.

एकदा राजा चित्रशाळा पाहायला येणार अशी वर्दी आली. चित्रशाळेचे छप्पर गळत होते. राजाच्या मनात एखादे चित्र भरले, तर छप्पर शाकारून मिळणार होते. त्या दुपारी मंजुळा भाकरी खायला उठली, आणि सगुणाताईंनी तिचे चित्र हळूच उचलून आतल्या खोलीत ठेवले.

मंजुळा परत आली. तिने रिकामा पाट पाहिला. रडली नाही, भांडली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच. ताईंनी नवा कागद पुढे केला, तर तिने तो परत सरकवला.

राजा आला आणि पाखरांपुढे थबकला. हे चित्र दरबारात लागेल, म्हणाला. चित्र काढणारीला बोलावले. मंजुळेने चित्राकडे पाहिले आणि ती ताईंकडे वळली.

"ताई, यांना निजवायचं राहिलंय. किती दिवस जागी आहेत बिचारी."

सगुणाताईंना तेव्हा कुठे उमगले. इतकी वर्षे मंजुळा बोळा फिरवत नव्हती, पांघरूण घालत होती.

राजाबरोबर आलेला प्रधान त्यांच्या कानाशी लागला. "गप्प राहा, ताई. लक्ष्मी चालून आली आहे."

ताईंनी एकदा गळक्या छपराकडे पाहिले. मग हात जोडले. "महाराज, हे चित्र पुरं झालेलं नाही. मी तिला न विचारता उचललं होतं." आणि निळीची वाटी त्यांनी मंजुळेच्या हाती दिली.

राजासमोर एकेक पाखरू निळ्याखाली गेले. शेवटच्यापाशी मंजुळा जराशी थांबली, मग तेही झाकले. प्रधानाने कपाळाला हात लावला. राजा मात्र बराच वेळ त्या निळ्याकडे पाहत राहिला.

"आता देशील का आम्हाला?" त्याने मंजुळेलाच विचारले.

मंजुळेने विचार केला. "न्या. पण आवाज करू नका."

राजा हसला, आणि हे चित्र दरबारात नको, आमच्या शेजघरात लावा, असे त्याने हळू आवाजात सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पर शाकारायला माणसे आली, तेव्हा मंजुळा त्यांच्याही आधी येऊन नव्या कागदावर पाखरे काढत बसली होती.

तात्पर्य: मदतीला हात जरूर द्यावा, पण काम पुरे झाले की नाही, हे ज्याचे काम त्यालाच ठरवू द्यावे.