लांब गेलेली जमीन

“…आणि डॉक्टर सांगतात ते सगळं केलं तर गुडघे बरे होतील काय, तेवढंच सांगा जी.”

“नाही,” भंतेजी म्हणाले.

तुळशीराम टेंभुर्णे विहाराच्या दारात उभे होते. एक हात चौकटीवर, सगळा भार त्या हातावर. आत जायला एकच पायरी होती, पण ती चढायच्या आधी त्यांना उत्तर हवं होतं. मिळालं ते असं.

भंतेजी आत खुर्चीवर बसले होते. साधी प्लास्टिकची खुर्ची, शेजारी भिंतीला टेकवलेली काठी. वय ऐंशीच्या पुढचं. बोलता बोलता ते एक पाय समोर सरळ करायचे, मांडी ताणून धरायचे आणि हळूच खाली सोडायचे. मग दुसरा.

तुळशीरामांना ते बघवेना.

“समोर तथागत मांडी घालून बसलेत,” ते म्हणाले, “आणि तुम्ही खुर्चीवर!”

“त्यांचे गुडघे दगडाचे आहेत,” भंतेजी म्हणाले. “या, आत या.”

तुळशीराम चढले. आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. लहान पोर चढतं तसे.

एकेकाळी या माणसाच्या शिट्टीवर सगळी शाळा एका पायावर थांबायची. भंडाऱ्याकडच्या हायस्कुलात पीटीचे सर होते ते. कबड्डीचं मैदान त्यांनी पोरांकडून खणून घेतलं होतं, आणि निवृत्तीच्या दिवशीही त्यावर एक चढाई करून दाखवली होती. सत्तरी उलटली आणि गुडघ्यांनी दगा दिला. आधी जिना सुटला, मग पंगत सुटली. पुढे संडासात बसलं की उठताना नळाला धरून लटकावं लागे.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला. गादी झिजली म्हणाले. ऑपरेशन झालं असतं, पण हृदयाचे डॉक्टर भूल देऊ द्यायला तयार होईनात. मग राहिलं ते बाकीचं. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, शेक घ्या, हातात काठी धरा, घरात कमोड बसवा.

तुळशीरामांनी यातलं काहीही आपणहून केलं नाही.

कौतिका, त्यांची बायको, संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची. “पाय सरळ करा जी. डॉक्टरांनी सांगितलं तसं ताणा.”

“मला शिकवतेस? अर्ध्या जिल्ह्याला कवायत शिकवली मी.”

ती पिशवी गुडघ्यावर ठेवून द्यायची आणि भाताचं बघायला उठायची. ती दर पौर्णिमेला या विहारात यायची, ते मात्र बाहेर रिक्षात बसून राहायचे. आत आलं की खाली बसावं लागतं, आणि खाली बसलं की चार माणसं उठवायला धावतात. ते त्यांना नको होतं.

होळीच्या सुमाराला कौतिका गेली. आता बाहेर धान कापणीला आलं होतं. आज रिक्षावाला त्यांना सोडून गेला होता, संध्याकाळी परत येणार होता. विहारात दुसरं कोणी नव्हतं.

“खुर्ची देऊ?” भंतेजींनी विचारलं.

“नको. मी उभाच बरा.”

“बरं.”

भंतेजींनी पुन्हा पाय सरळ केला.

“तुमचे गुडघे दुखत नाहीत काय?” तुळशीरामांनी विचारलं.

“दुखतात ना.”

“हे ताणणं रोज करता?”

“रोज.”

“तरी दुखतात?”

“तरी दुखतात. थंडीत जास्त.”

“मग काऊन करता? काय फायदा?”

भंतेजींनी पाय खाली ठेवला. उलट विचारलं, “तुम्ही आज काऊन आलात?”

…

तुळशीराम खिडकीकडे सरकले. गज धरला. मग बोलायला लागले ते भिंतीकडे बघून.

“सकाळची वेळ होती. ती ओट्यापाशी होती, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. भांडं पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. ओ नाही. उठून जाईपर्यंत वेळ लागला… माझं उठणं तुम्हाला माहीत नाही. आत गेलो तर खाली पडली होती. डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होती.”

त्यांनी मोकळा हात वर केला.

“तिनं हात वर केला. असा. मी वाकलो… ओट्याला धरून जितका वाकता येईल तितका वाकलो. हात पोचला नाही. एवढं अंतर राहिलं, भंतेजी. वीतभर. गुडघा पुढे जाईना. मी वरून ओरडत राहिलो, शेजाऱ्यांना हाका मारत राहिलो. ती तसाच हात वर धरून होती. मग तो खाली गेला.”

“शेजारी आले?”

“आले. तिला मांडीवर घेतलं शेजारच्या बाईनं. माझी बायको, आणि मांडी परक्याची. मी ओट्याला धरून उभा.” त्यांचा आवाज एकदम चढला. “लोक म्हणतात, सर, तुम्ही तरी काय करणार होता, अटॅकच मोठा होता. डॉक्टरही तेच म्हणतात. मला ते कळतं. पण जमीन माझ्यापासून इतकी लांब कधी गेली? मला समजलंच नाही!”

तुळशीराम भिंतीकडून भंतेजींकडे वळले.

“काहीतरी सांगा ना. तुम्ही लोकांना सांगता ना, सगळं अनित्य आहे म्हणून? सांगा मला.”

भंतेजींनी काठी हातात घेतली आणि ते खुर्चीवरून उठले. तुळशीरामांना वाटलं, आता हे आत निघून जाणार.

ते गेले नाहीत. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, एक हात काठीवर ठेवला आणि खाली उतरायला लागले. आधी एक गुडघा. तोंडातून बारीक आवाज निघाला. मग दुसरा गुडघा. मग तळहात फरशीवर. मग ते कुशीवर वळले आणि सरळ उताणे झोपले. काठी लांब घरंगळली.

त्यांनी हात वर केला.

“हे काय करता?” तुळशीराम म्हणाले.

तुळशीरामांनी दाराकडे बघितलं.

“भंतेजी, उठा. कोणी येईल, काय म्हणेल?”

हात तसाच वर. डोळे उघडे होते आणि तुळशीरामांकडेच बघत होते.

“नका करू असं!” तुळशीराम ओरडले. “मी हात जोडतो… नका करू!”

हात हळूहळू खाली यायला लागला.

तुळशीरामांनी गज सोडला. दोन पावलं आले, खुर्ची धरली. वाकले. जिथे दर वेळी थांबायचे तिथेच गुडघा थांबला. आतून कट्‌कन वाजला. त्यांनी दात आवळले आणि अंग सोडून दिलं. ते खाली उतरले नाहीत, पडलेच. कोपर फरशीवर आपटलं, खुर्ची उलटली. मग त्याच कोपरावर सरपटत ते पुढे आले आणि तो हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

खाली फरशी गार होती. कौतिकाच्या गालाला त्या दिवशी फरशी अशीच गार लागली असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि मग ते रडले. होळीपासून आतापर्यंत ते रडले नव्हते. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, त्यात आवाज कमी आणि खोकला जास्त.

बाहेर कापणीचं मशीन घरघरत गेलं.

“आलो मी खाली,” तुळशीराम म्हणाले. “आलो बघा. येता येत होतं मला… आता काय उपयोग?”

“काहीच नाही,” भंतेजी म्हणाले.

“ती गेलीच ना.”

“गेली.”

“आणि हे दुखणं?”

“राहील.”

उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत गेला. दोन म्हातारी माणसं फरशीवर पडून होती, एकमेकांचा हात धरून. तुळशीरामांनी एकदा उठायचा प्रयत्न केला. कंबर उचलली, पाय उचलले गेले नाहीत. ते पुन्हा आडवे झाले.

“भंतेजी.”

“हं.”

“आता उठायचं कसं?”

भंतेजी छताकडे बघत होते.

“ते मलाही अजून जमलेलं नाही,” ते म्हणाले.