ब्रॅकनशॉची शेवटची दहा मिनिटं

दर वर्षी महाराष्ट्र मंडळाची बस येते आणि मलाच पुढे ढकलतात. "अण्णा, ती गोष्ट सांगा." गुडघे दुखतायत, घसा बसलाय, तरी सांगा! मॅच बघायला आलात तर मॅच बघा की. बरं, आलाच आहात तर ऐका. आणि ते फोन आधी खिशात घाला.

हे ब्रॅकनशॉ टाउनचं फुटबॉलचं मैदान. क्लब सव्वाशे वर्षांचा, नाव साऱ्या इंग्लंडात. पण इथली एक रीत दुसरीकडे कुठे नाही. शेवटची दहा मिनिटं उरली की इथला माणूस तोंड उघडत नाही. तीस हजार लोक, पण टाळी नाही, गाणं नाही. गोल झाला तरी नाही. परक्यांना वाटतं, ही माणसं रुसलीत.

असं सांगतात, की पूर्वी इथे कोळशाची खाण होती आणि क्लब खाणकामगारांचाच होता. एनॉक ऑलरॉयड हा त्यांचा गोलकीपर. चेंडू म्हणे पाळलेल्या कबुतरासारखा त्याच्या हातात यायचा. कपाची मोठी मॅच शनिवारी आली आणि त्याच शनिवारी त्याची खाणीत पाळी. मुकादम सुट्टी देईना. तेव्हा धाकटा भाऊ सेथ म्हणाला, "तू जा. तुझा बिल्ला मला दे. खाली अंधारात कोण तोंड बघतंय?"

उतरताना प्रत्येकाने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला जवळ ठेवायचा आणि वर वहीत तो नंबर लिहून घ्यायचे, अशी तिथली पद्धत. सेथ भावाचा बिल्ला घेऊन उतरला.

दुपारी खाण ढासळली. कोण आत अडकलंय, ते बिल्ल्यांच्या नंबरांवरून वाचून दाखवलं. त्यात एनॉक ऑलरॉयड. त्याची आई मार्था तिथेच उभी होती. बायका तिला धरायला धावल्या, तर ती म्हणाली, "काहीतरीच काय! एनॉक गोलमध्ये उभा आहे." आणि बोलता बोलताच तिला कळलं, खाली कोण आहे ते.

आतून ठोकल्याचा आवाज येत होता. एका जुन्या बोगद्यातून तिथे पोचता आलं असतं, पण ती वाट एकट्या एनॉकला ठाऊक. मार्था मैदानाकडे धावत सुटली. क्लबचा सेक्रेटरी क्रॅबट्री याने तिला कठड्याशीच अडवलं.

"दहा मिनिटं राहिलीत, बाई. एका गोलने पुढे आहोत. आत्ता गोलकीपर काढला तर कप गेला."

"माझं पोर गाडलं गेलंय रे मेल्या!"

"दहा मिनिटांनी काय बिघडतंय?"

ती तिथूनच हाका मारत राहिली. एवढ्या गलक्यात एका बाईचा आवाज तो काय! पण एनॉकने तिला पाहिलं. आई कधी मॅचला आली नव्हती. त्याला वाटलं, आज आपला खेळ बघायला आली. त्याने तिला हात केला आणि पुढचा चेंडू असा झेपावून अडवला, की लोकांनी टोप्या उडवल्या.

मॅच जिंकली. त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. खाली उतरवल्यावर सांगितलं.

तो तसाच, खेळाच्या बुटांनिशी बोगद्यात शिरला. पोचला तेव्हा सेथचं अंग अजून कोमट होतं म्हणे. मुठीत बिल्ला होता. ठोकून ठोकून त्याची कड चेपली होती.

एनॉक पुन्हा कधी गोलमध्ये उभा राहिला नाही. पुढच्या मॅचला तो आई उभी होती तिथे, कठडा धरून उभा राहिला. दहा मिनिटं उरली तेव्हा लोकांकडे वळून एवढंच म्हणाला, "आता गप्प राहा. कोणी हाक मारत असेल तर ऐकू आली पाहिजे."

लोक गप्प झाले. आजही होतात. खाण बुजली, खेळाडू देशोदेशीचे आले, रीत राहिली. तुम्हीही पाळायची. गेल्या वर्षी शेवटी शेवटी गोल झाला, तर आपलेच एक पाहुणे खुर्चीवर चढून "गणपती बाप्पा मोरया" ओरडले. सगळं मैदान वळून बघायला लागलं. मी बाही धरून खाली बसवलं, तर मला म्हणतात, "म्हाताऱ्या, मॅच आहे, मयत नाही." क्रॅबट्रीनेसुद्धा पुढे मार्थाच्या दारात टोपी काढून माफी मागितली, असं सांगतात. या गृहस्थांनी अजून मागितलेली नाही. नावही सांगून ठेवतो: मुकुंद दाभोळे, मिरज.