दाराला खडा लावलेले शंख

फार फार जुन्या काळी, समुद्राकाठी अजून एकही बंदर झालं नव्हतं तेव्हा, एका पुळणीवर शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं गाव होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण उगीच म्हणतो. विंचू बिचारा कसलं बिऱ्हाड वाहतो? खरं बिऱ्हाड पाठीवर असतं ते या मंडळींचं. यांची पाठ लोण्यासारखी मऊ. म्हणून रिकामा शंख शोधायचा, त्यात शिरायचं आणि तो ओढत वाळूत हिंडायचं. अंग वाढलं की घर बदलायचं.

त्या गावाची एक रीत होती. भरतीने मोठा शंख आणून टाकला की लहानथोर सगळे जमत आणि अंगाच्या मापाप्रमाणे ओळ लावत. सगळ्यांत मोठा नव्या शंखात शिरे. त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्या जुन्यात तिसरा, असं करत करत शेवटच्या चिमुरड्यालासुद्धा ऐसपैस घर मिळे. कुणी कुणाचं काही देणं लागत नसे.

गावात सखोबा नावाचा म्हातारा खेकडा होता. त्याची नात ठकू म्हणजे त्याचा जीव की प्राण. आईबाप लाटेत गेलेली पोर, त्यानेच वाढवलेली. बोलायला तिखट आणि खायला सगळ्यांच्या पुढे.

एके वर्षी खडकापलीकडचे दगडी खेकडे हवा पालटायला पुळणीवर आले. त्यांची पाठ टणक, घरं खडकाच्या कपारीत. पण पुळण त्यांना भारीच आवडली. "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" ते म्हणाले. "इथे आपलं एखादं घर हवंच."

नेमका तेव्हाच एक भला मोठा शंख वाळूवर आला. ओळ लागली. सखोबा नव्या शंखात शिरला, तोच एक पाहुणा पुढे झाला. "आजोबा, तुमचा जुना शंख मला द्या. बांगड्याचं अख्खं डोकं देतो."

बांगड्याचं डोकं! सखोबाला ठकूची भूक आठवली. 'एकच तर शंख,' तो मनाशी म्हणाला, 'पोर पोटभर खाईल तरी.' झालं! शंख विकला गेला आणि ओळ जागच्या जागी मोडली.

पाहुणा चार दिवस त्या शंखात लोळला, दाराला खडा लावला आणि गेला तो वर्षभर फिरकला नाही. आजोबांनीच विकला म्हटल्यावर गावातल्या बाकीच्यांना कोण अडवणार? त्यांनीही आपापले जुने शंख पाहुण्यांना विकले. बघता बघता पुळणभर खडे लावलेले रिकामे शंख दिसू लागले. आधी बांगड्याच्या डोक्याला मिळणारा शंख आता अख्ख्या बांगड्यालाही मिळेना.

इकडे ठकू बांगडा खाऊन चांगली गुटगुटीत झाली. घर मात्र तेवढंच.

"आजोबा, माझी पाठ बाहेर राहते."

"थोडी आत ओढून घे ना, बाळ."

"किती ओढू? खायला बांगडा घालता आणि राहायला तान्हेपणीचा शंख! आता काय बांगड्यात राहू?"

शंख घेतलेला पाहुणा पुन्हा हवा खायला आला तेव्हा सखोबा त्याच्याकडे गेला. "दादा, शंख वर्षभर रिकामा असतो. तो सोडलात तर आमची ओळ हलेल, माझ्या नातीला घर मिळेल."

"रिकामा असेना का!" पाहुणा गोड हसून म्हणाला. "आपला आहे म्हटलं की मनाला बरं वाटतं."

हे ऐकून ठकूने ठरवून टाकलं. "मी ओहोटीला खाडीपलीकडे जाते. तिथे शंख मिळतात म्हणे."

"उघड्या पाठीने? अगं, वर घारी फिरताहेत!"

"मग इथे तरी कुठे झाकली आहे?"

ओहोटी लागली, ठकू निघाली, आणि पुळणीच्या मधोमध उभं राहून सखोबा ओरडला, "ओळ लावा रे!"

"कसली ओळ? नवा शंख कुठाय?"

"हा काय!" असं म्हणून सखोबा आपल्याच शंखातून बाहेर आला. उघडा, सुरकुतलेला, थरथरणारा.

"अहो आजोबा, काही लाज?"

"ती विकताना वाटायला हवी होती. चला, शिरा पटापट!"

दुसरा सखोबाच्या शंखात शिरला, तिसरा दुसऱ्याच्या, आणि ओळ सरकत सरकत हाक ऐकून परतलेल्या ठकूपर्यंत आली. तिची पाठ किती दिवसांनी पुरती आत गेली. पण तिला रडू फुटलं. "आजोबा, तुम्ही कुठे राहणार?"

तोवर म्हाताऱ्याने वाहून आलेली फुटकी करवंटी पाठीवर घेतलीही होती. "हे काय कमी आहे? बघ, वारा कसा खेळतो!" तो लटपटत दोन पावलं चालला आणि सगळी पुळण हसली. मग हसता हसता एकेकाची मान खाली गेली.

त्या दिवसापासून तिथे कुणी ओळीतला शंख विकला नाही. पाहुणे येत राहिले, गाव त्यांना प्रेमाने म्हणे, "या, बसा, ऊन खा. पण टणक पाठीला शंख कशाला हवा हो?" काही पाहुणे हसले आणि त्यांनी आपल्या हाताने दारांचे खडे काढले. दोघे-तिघे हट्टाला पेटले. त्यांच्या शंखांत वाळू भरली आणि ते कुणाच्याच कामाचे राहिले नाहीत.

ठकू मात्र पुळणीवरच राहिली. शंख मोकळे झाले तरी आजोबांनी हौसेने करवंटीच ठेवली; ती चढावर अडली की मागून ढकलायला ठकूच असे.

बोध एवढाच: राहणाऱ्याचं घर पाहुण्याच्या हौसेला विकलं, की आपलीच लेकरं गावाला परकी होतात.